वॅलहाइम : अपडेटनंतर मॉड बंद पडणे आणि मॉडमधले सामान नाहीसे होणे

वॅलहाइमचे नवे अपडेट येते, गेम नेहमीसारखा सुरू होतो, मुख्य पडद्यावर कसलीच तक्रार दिसत नाही, आणि आपल्या जगात पाऊल ठेवल्यावर लक्षात येते की मॉडमधून, म्हणजे खेळाडूंनी लिहून गेमला बाहेरून जोडलेल्या भरीतून, आणलेले खांब, पेट्या, शस्त्रे यांपैकी काहीही जागेवर नाही. दर मोठ्या अपडेटनंतर ही तक्रार नव्याने ऐकू येते आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : मॉड काढून पुन्हा टाका. सल्ल्यात चूक काही नाही, परंतु त्यात मधला सर्वांत महत्त्वाचा टप्पा सुटतो. बंद पडलेला मॉड आज ना उद्या दुरुस्त होतो. मात्र तो बंद असताना तेच जग उघडले आणि ते सेव्ह होऊ दिले, तर गेलेले सामान मॉड दुरुस्त झाल्यावरही परत येत नाही. म्हणून कोणता मॉड बिघडला हे शोधण्याआधी जगाची आणि पात्राची प्रत बाजूला काढून ठेवणे आवश्यक आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

ही माहिती विंडोजवर स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेतून घेतलेल्या आवृत्तीला लागू आहे. फाइलींची आणि संदेशांची नावे पडद्यावर रोमन लिपीत दिसतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

हे दर वेळी का घडते

वॅलहाइम हा स्वीडनमधल्या आयर्न गेट या स्टुडिओचा गेम. तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला, आला. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ‘हार्थ अँड होम’, डिसेंबर २०२२ मध्ये ‘मिस्टलँड्स’ आणि मे २०२४ मध्ये ‘ॲशलँड्स’ ही मोठी अपडेट्स आली, आणि त्यांच्या अधेमधे लहान पॅच येत राहिले. नवा प्रदेश आणि नवे शत्रू आपल्याला दिसतात, पण त्याच वेळी सामान कसे साठवायचे, बांधकामाचा भार कसा मोजायचा, जग फाइलीत कसे लिहायचे, हा आतला कोडही बदललेला असतो. अपूर्ण अवस्थेतल्या गेममध्ये असे बदल करण्याचा स्टुडिओला पूर्ण अधिकार आहे आणि खेळाडूंनीही तो गृहीत धरूनच गेम घेतलेला असतो.

मॉड नेमके याच आतल्या कोडवर बेतलेले असतात. गेम युनिटी इंजिनवर चालतो आणि त्याचा कोड सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत आहे. मॉडसाठी स्टुडिओने स्वतः जाहीर केलेली कोणतीही कायमस्वरूपी जोडणी नाही. त्यामुळे बेपइनएक्स नावाचा लोडर गेम सुरू होताना मॉडच्या डीएलएल फाइली आत घेतो, आणि हार्मनी नावाच्या लायब्ररीच्या आधाराने मॉड गेमच्या एखाद्या विशिष्ट फंक्शनच्या (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आधी किंवा नंतर आपले काम जोडून देतो. ही जोडणी फंक्शनचे नाव आणि त्याला पुरवायच्या माहितीची यादी यांवर अवलंबून असते. स्टुडिओने त्या यादीत एखादा घटक वाढवला, तरी मॉडला आपले ठिकाण सापडत नाही आणि तो तिथेच थांबतो. मॉड लिहिणाऱ्याच्या कामात काही उणीव होती असे यावरून ठरत नाही. ही मंडळी नोकरी-शिक्षण सांभाळून फावल्या वेळात, विनामूल्य काम करतात. अपडेट आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ‘अजून दुरुस्त का नाही’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते.

सामान नेमके कसे जाते

हा भाग नीट समजून घेतला तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

वॅलहाइमच्या जगातली प्रत्येक वस्तू, मग ती भिंत असो, पेटी असो वा जमिनीवर पडलेले लाकूड असो, जगाच्या फाइलीत एका नोंदीच्या रूपात असते. त्या नोंदीत वस्तू कुठे आहे, तिच्यात काय ठेवले आहे आणि तिचा साचा कोणता, हे लिहिलेले असते. या साच्याला प्रीफॅब म्हणतात. गेमचे स्वतःचे साचे गेममध्येच असतात. मॉडचे साचे मॉड सुरू झाल्यावरच गेमच्या यादीत दाखल होतात. स्वतःच्या संगणकावर जग उघडले की गेम खेळाडूच्या आसपासच्या नोंदी वाचून वस्तू उभ्या करत जातो. एखाद्या नोंदीचा साचा यादीत सापडला नाही, तर गेम ती नोंद सदोष मानतो आणि पुसून टाकतो. गेम आपल्या घडामोडी जिथे लिहितो त्या प्लेअर डॉट लॉग या फाइलीत त्या वेळी ‘डिस्ट्रॉइड इनव्हॅलिड प्रीडॅब झेडडीओ’ अशी ओळ उमटते. मूळ संदेशात ‘प्रीफॅब’ऐवजी ‘प्रीडॅब’ असेच छापलेले आहे, त्यामुळे फाइलीत शोध घेताना तोच शब्द टाकावा. अशा ओळी शेकड्याने दिसल्या तर तितक्या वस्तू गेल्या, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

दोन गोष्टी यातून निघतात. पुसले जाणे खेळाडूच्या आसपास घडते, त्यामुळे मॉड बंद असताना जगाच्या ज्या भागात तुम्ही अजून गेलेला नाही तिथले मॉडचे बांधकाम शाबूत असते. गडबड लक्षात येताच ‘दुसऱ्या तळावर काय झाले ते बघून येऊ’ म्हणून फिरू नये. दुसरी गोष्ट अशी की मॉडची पेटी तोडली गेलेली नसते, तिची नोंदच पुसलेली असते, म्हणून तिच्यातले सामान जमिनीवर सांडत नाही. ते पेटीसकटच जाते, भले त्या सामानात सगळ्या गेमच्याच मूळ वस्तू असोत.

पात्राचेही तसेच. पात्राची फाइल उघडताना एखाद्या वस्तूचा साचा मिळाला नाही तर लॉगमध्ये ‘फेल्ड टु फाइंड आयटम प्रीफॅब’ अशी ओळ येते आणि ती वस्तू वगळून पात्र जगात उतरते. पुढच्या सेव्हमध्ये ते तसेच लिहिले जाते. सामानाच्या चौकटीत जादा ओळी देणारे मॉड बंद असले तर त्या जादा ओळींतल्या वस्तूंनाही हाच धोका आहे.

आमच्या चौघा मित्रांच्या जगात हे एकदा पूर्णपणे घडले. समुद्रकाठी आम्ही एक लांबलचक दालन बांधले होते. छप्पर आणि भिंती गेमच्याच, पण मधले सहा उंच खांब एका मॉडचे. अपडेटनंतर मी घाईत स्टीममधूनच गेम सुरू केला आणि दारात उभा राहिलो. खांब आधीच नव्हते. मग आढ्याचा एक वासा तुटल्याचा आवाज आला, त्यामागोमाग दुसरा, आणि पाहता पाहता आधार सुटलेले छप्पर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोसळत गेले. फरशीवर लाकडांचा ढीग तेवढा उरला. मी घाबरून मेनूत जाऊन व्यवस्थित बाहेर पडलो, आणि व्यवस्थित बाहेर पडताना गेम सेव्ह होतो हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. जग आपोआप झालेल्या दोन दिवसांपूर्वीच्या बॅकअपमधून परत मिळाले. माझ्या पात्राजवळचे मॉडचे धनुष्य मात्र मिळाले नाही, कारण पात्राची जुनी प्रत माझ्याकडे नव्हती.

जग उघडले आहे आणि वस्तू दिसत नाहीत, तर त्या क्षणी काय करावे

मेनूतून बाहेर पडू नये, खिडकी बंद करण्याचे बटण दाबू नये. या दोन्ही मार्गांनी गेम बंद होण्याआधी जग आणि पात्र सेव्ह करतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून वॅलहाइमची प्रक्रिया बंद करावी. असे केल्यास शेवटच्या सेव्हनंतर घडलेले काही लिहिले जात नाही. गेम अधूनमधून आपोआपही सेव्ह करतो. सध्याच्या आवृत्त्यांत हे अंतर साधारणपणे ३० मिनिटांचे आहे, आणि पात्र झोपून उठल्यावरही सेव्ह होऊ शकते. म्हणजे हाताशी थोडा वेळ असतो, पण ‘एक रात्र काढून पाहू’ एवढा नसतो.

प्रत काढणे

विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात लोकललो, त्यात आयर्नगेट, त्यात वॅलहाइम, असा मार्ग आहे. तिथल्या ‘वर्ल्ड्स लोकल’ या फोल्डरमध्ये प्रत्येक जगाच्या दोन फाइली असतात, एक डॉट डीबी आणि एक डॉट एफडब्ल्यूएल. ‘कॅरेक्टर्स लोकल’मध्ये पात्राची डॉट एफसीएच फाइल असते. ही दोन्ही फोल्डर्स जशीच्या तशी, तारीख घालून, दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत. नुसती डीबी घेऊन एफडब्ल्यूएल सोडली तर ते जग यादीत नीट उभे राहत नाही, म्हणून जोडी कायम ठेवावी.

ही फोल्डर्स रिकामी दिसली तर तुमचे सेव्ह स्टीम क्लाउडवर आहे. अशा वेळी स्टीमच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमध्ये आपल्या खात्याच्या क्रमांकाखाली ८९२९७० हे फोल्डर शोधावे. हा स्टीमवरचा वॅलहाइमचा क्रमांक आहे, आणि त्यातल्या ‘रिमोट’मध्ये त्याच फाइली मिळतात. मॉड वापरणाऱ्यांनी गेममधल्या ‘मॅनेज सेव्हज’ या पर्यायातून जग आणि पात्र क्लाउडवरून लोकलमध्ये आणून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लाउडमुळे बिघडलेली प्रतही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते, आणि जुनी फाइल हाताने परत ठेवली तर स्टीम तिच्यावर नवी उतरवू शकते.

या गेमच्या चाचणी आवृत्तीबद्दल एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. येऊ घातलेले बदल आधी ‘पब्लिक टेस्ट’ शाखेवर येतात आणि स्टीममध्ये ती शाखा उघडायला स्टुडिओने जो पासवर्ड ठेवला आहे तो ‘येसआयमेडबॅकअप्स’ असा सलग शब्द आहे, म्हणजे ‘होय, मी बॅकअप घेतला आहे’. तो टाइप केल्याशिवाय आत जाता येत नाही. मॉड लिहिणाऱ्यांना पुढचे बदल आधी पाहता यावेत यासाठी ही शाखा फार उपयोगी आहे. रोजचे जग घेऊन मात्र तिच्यावर जाऊ नये.

लोडर तरी सुरू झाला का

बिघाड शोधताना बहुतेक जण थेट एखाद्या मॉडवर संशय घेतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा मॉड निर्दोष असतात आणि लोडरच सुरू झालेला नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : बेपइनएक्सच्या फोल्डरमधली लॉगआउटपुट डॉट लॉग ही फाइल प्रत्येक वेळी गेम सुरू झाल्यावर नव्याने लिहिली जाते. तिच्या बदलाची वेळ आत्ताची नसेल, तर लोडर चाललाच नाही, आणि एकेक मॉड तपासण्यात काही अर्थ नाही.

याची सर्वांत सामान्य कारणे तीन. मॉड उतरवून बसवण्यासाठी आर-टू-मॉडमॅन किंवा थंडरस्टोर या मॉडच्या संकेतस्थळाचा मॉड मॅनेजर वापरत असाल तर गेम त्याच्यातल्या ‘स्टार्ट मॉडेड’ या बटणानेच सुरू करावा लागतो, कारण मॉड गेमच्या फोल्डरमध्ये नसून मॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये असतात. अपडेट उतरल्यावर स्टीमने दाखवलेले हिरवे ‘प्ले’ बटण दाबले की गेम मॉडविना उघडतो. माझे दालन याच कारणाने पडले. त्या दिवशी एकही मॉड प्रत्यक्षात बिघडलेला नव्हता. दुसरे कारण, हाताने बसवलेल्या लोडरची गेमच्या मुख्य फोल्डरमधली विनएचटीटीपी डॉट डीएलएल ही फाइल नाहीशी झालेली असते. याच फाइलीच्या वाटेने लोडर गेममध्ये शिरतो, आणि अँटिव्हायरस कधी कधी तिला संशयित ठरवून उचलून नेतो. तसे झाले असेल तर अँटिव्हायरसच्या इतिहासात तिची नोंद दिसते. तिसरे कारण लोडरची जुनी आवृत्ती. गेमने युनिटीची आवृत्ती बदलली की लोडरही बदलावा लागतो, म्हणून थंडरस्टोरवर वॅलहाइमसाठी वेगळा तयार केलेला बेपइनएक्सचा पॅकच घ्यावा आणि तो इतर मॉडच्या आधी अद्ययावत करावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टीमचे ‘फाइली तपासा’ हे साधन गेमच्या मूळ फाइली दुरुस्त करते, पण तुम्ही बाहेरून आणून ठेवलेल्या फाइलींना हात लावत नाही. गेम काढून पुन्हा बसवला तरी त्या फाइली फोल्डरमध्ये तशाच राहतात. ‘सगळे पुसून नव्याने बसवले तरी तेच होते’ असे सांगणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये बहुधा जुना बेपइनएक्स मुक्कामाला असतो. खरोखर कोरी सुरुवात हवी असेल तर गेम काढल्यावर ते फोल्डर स्वतः उघडून उरलेले सर्व काही हलवावे.

लॉग वाचणे

लोडर चालला असेल तर लॉगआउटपुट फाइल वरून खाली वाचावी. प्रथम लोडरची आवृत्ती येते, मग प्रत्येक मॉडसाठी ‘लोडिंग’ या शब्दापुढे चौकटी कंसात मॉडचे नाव आणि आवृत्ती, आणि शेवटी ‘चेनलोडर स्टार्टअप कम्प्लीट’. तुमच्या मॉडचे नाव या यादीत आहे का, हा पहिला प्रश्न.

नाव नसेल आणि ‘मिसिंग डिपेन्डन्सीज’ असा उल्लेख असेल, तर त्या मॉडला लागणारी दुसरी लायब्ररी बसलेली नाही किंवा जुनी आहे. वॅलहाइमच्या पुष्कळ मॉडना जोटुन ही लायब्ररी लागते, त्यामुळे एक जोटुन मागे राहिले की वीस-पंचवीस मॉड एकदम गळतात आणि सगळेच मोडल्याचा भास होतो. ‘बिकॉज अ न्यूअर व्हर्जन एक्झिस्ट्स’ असे दिसले तर त्याच मॉडच्या दोन प्रती दोन फोल्डरमध्ये आहेत. हाताने टाकलेली जुनी प्रत काढावी. हाताने बसवणे आणि मॅनेजर वापरणे या दोन्ही पद्धती एकाच संगणकावर मिसळल्यामुळे हा घोळ होतो, आणि तो दीर्घकाळ लक्षात येत नाही.

नाव आहे, पण त्याखाली ‘एरर’ अशी खूण असलेल्या ओळी आहेत, तर त्यांतली पहिली ओळ महत्त्वाची. ‘मिसिंगमेथडएक्सेप्शन’, ‘मिसिंगफील्डएक्सेप्शन’ किंवा ‘टाइपलोडएक्सेप्शन’ हे शब्द असतील, तर मॉड ज्या फंक्शनवर किंवा ज्या माहितीवर अवलंबून होता ते अपडेटमध्ये बदलले किंवा काढले गेले, असे खात्रीने समजावे. हा दोष सेटिंग बदलून जात नाही. मॉडची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागते. ‘नलरेफरन्सएक्सेप्शन’ हा शब्द मात्र फसवा आहे. एखादी अपेक्षित वस्तू जागेवर नव्हती एवढेच तो सांगतो, आणि पुष्कळदा तो आधी कोसळलेल्या दुसऱ्याच मॉडचा परिणाम असतो. खेळताना पडद्यामागे अशा हजारो ओळी साचतात, म्हणून फाइलीच्या तळापासून वाचणारा माणूस हमखास चुकीच्या मॉडला दोषी धरतो.

लॉग वाचूनही उलगडा झाला नाही तर यादी निम्मी करत जावे. समजा ५२ मॉड आहेत. त्यांतले २६ बंद करून पाहावे. दोष गेला तर तो बंद केलेल्या भागात आहे, राहिला तर चालू भागात. पुढच्या फेरीत १३, मग ७, ४, २, असे करत सहा फेऱ्यांत एका मॉडपर्यंत पोहोचता येते. एकेक बंद करत गेल्यास ५२ वेळा गेम सुरू करण्याची पाळी येऊ शकते. यात जोटुनसारख्या लायब्ररी सर्व फेऱ्यांत चालू ठेवाव्यात. आणि या चाचण्या आपल्या जगात कधीही करू नयेत : प्रत्येक फेरीत निम्मे साचे गैरहजर असतात, म्हणजे वर सांगितलेले पुसणे प्रत्येक फेरीत होणार. एक नवे जग आणि एक नवे पात्र केवळ यासाठी तयार करावे. मॅनेजरमध्ये मूळ प्रोफाइलची नक्कल करून त्या नकलेवर चाचण्या केल्या की मूळ यादीही जशीच्या तशी राहते.

क्वचित दोन निर्दोष मॉड एकमेकांना चालत नाहीत. दोघेही गेमच्या एकाच फंक्शनला जोडलेले असतात. यादीचे कोणतेही निम्मे घेतले तरी दोष जातो आणि पूर्ण यादी लावली की परत येतो, असे दिसले तर हीच शक्यता धरावी.

सेटिंगच्या फाइलींचे थोडक्यात सांगतो. बेपइनएक्सच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधल्या फाइली मॉड अद्ययावत केला तरी जुन्याच राहतात. मॉड लॉगमध्ये निर्दोष दिसतो, तरी विचित्र वागतो, तर त्याची सीएफजी फाइल दुसरीकडे हलवून गेम एकदा सुरू करावा. नवी फाइल आपोआप तयार होते आणि मग आपले बदल तिच्यात हाताने परत भरता येतात.

मित्रांसोबत एकाच सर्व्हरवर

सर्व्हरवर अडचण अशी की चार माणसांचे चार संगणक आणि पाचवा सर्व्हर, यांतला एकच मागे राहिला तरी खेळ थांबतो. गेमची आवृत्ती जुळली नाही तर गेमच प्रवेश नाकारतो. मॉडची आवृत्ती जुळली नाही तर जोटुनवर आधारलेले मॉड जोडणी तोडताना एक खिडकी दाखवतात आणि कोणता मॉड कुठे कमी किंवा जुना आहे हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असते. ती खिडकी पुष्कळ जण न वाचता बंद करतात. तिचे चित्र घेऊन सर्वांना पाठवले की अर्धे काम होते.

आम्ही आता एक नियम पाळतो. सर्वांच्या स्टीममध्ये या गेमचे अपडेट ‘गेम सुरू केल्यावरच’ असे लावले आहे, म्हणजे रात्रीतून कोणाचा गेम परस्पर पुढे जात नाही. अपडेट आले की एकच जण चाचणीच्या जगात सर्व मॉड तपासतो, आणि ठीक चालले की आर-टू-मॉडमॅनमधून प्रोफाइलचा कोड काढून बाकीच्यांना देतो. तो कोड टाकला की सर्वांकडे तेच मॉड, त्याच आवृत्त्या आणि तीच सेटिंग येते. भाड्याच्या सर्व्हरवर आपोआप अपडेट होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून घ्यावी, आणि सर्व्हरवरच्या जगाचीही प्रत काढावी. सर्व्हर स्वतः बॅकअप ठेवतो, मूळ सेटिंगमध्ये चार प्रती, पहिली दोन तासांनी आणि पुढच्या बारा तासांच्या अंतराने, त्यामुळे दोन दिवस कोणी लक्ष दिले नाही तर शेवटची चांगली प्रत यादीतून निघून गेलेली असते.

सामान गेलेच असेल तर

‘मॅनेज सेव्हज’मध्ये जगाच्या नावाखाली गेमने आपोआप ठेवलेल्या प्रती तारखेनिशी दिसतात. त्यांतली कोणतीही परत आणण्याआधी, आजची बिघडलेली प्रतही बाजूला ठेवावी. चुकीची तारीख निवडली तर परतीचा रस्ता हवा. मग आधी मॉड दुरुस्त करावेत, ते चाचणीच्या जगात चालतात याची खात्री करावी, आणि त्यानंतरच जुने जग उघडावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे जुने जग आधी उघडून पाहिले, तर चांगली प्रतही त्याच रीतीने पुसली जाते. मॉडचे काम थांबलेले असेल आणि नवी आवृत्ती येण्याची चिन्हे नसतील, तर ते जग तितके दिवस न उघडणे हाच उपाय आहे. तोवर दुसऱ्या जगात, मॉडविना, वेगळ्या पात्राने खेळता येते.

दोष कळवायचा असेल तर कोणाला, हेही ठरलेले असावे. मॉडमधला दोष मॉड लिहिणाऱ्याला कळवावा, आणि सोबत पूर्ण लॉगआउटपुट फाइल, गेमची आवृत्ती आणि तो दोष फक्त त्या मॉडसह येतो की इतरांसोबत, हे द्यावे. स्टुडिओला कळवण्याआधी तोच दोष मॉडविना येतो का हे पाहणे आपले कर्तव्य आहे. आयर्न गेटने २०२३ साली मॉडविषयी निवेदन काढून, मॉडसाठी पैसे आकारणे आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले होते. मॉड करण्याला त्यांनी विरोध केला नाही, पण मॉडच्या दुरुस्तीची जबाबदारीही स्टुडिओवर येत नाही.

शेवटी, बांधकामाचा एखादा मॉड कायमचा काढून टाकायचा असेल, तर तो चालू असतानाच काढण्याची तयारी करावी. त्याच्या पेट्या रिकाम्या करून सामान गेमच्या साध्या पेट्यांत हलवावे. पात्राच्या अंगावरची आणि सामानातली त्याची शस्त्रे, चिलखते काढून टाकावीत. खांबांच्या बाबतीत आधी शेजारी गेमचे लाकडी किंवा दगडी खांब उभे करावेत, छप्पर त्यांच्यावर टेकले आहे हे हातोडा हातात घेऊन प्रत्येक तुकड्याच्या रंगावरून पाहावे, आणि मगच मॉडचे खांब एकेक करून पाडावेत. त्यानंतर बाहेर पडून प्रत काढावी आणि मॉड बंद करावा. आमचे समुद्रकाठचे दालन आता याच पद्धतीने दगडी खांबांवर उभे आहे.